हातांची रांग

प्रसीताच्या पटकथेचं पहिलं पान ज्याने ज्याने वाचलं त्याला ते आवडलं होतं. पहाटेचं अष्टमुडी सरोवर, त्यावरून अलगद उडत येणारा ड्रोन, धुक्यातून वर आलेले माडांचे शेंडे, पाण्यावर ताणलेली जाळी, एकटीच चाललेली होडी. मग कौलारू छपरं, मग काजू कारखान्याचं धुराडं आणि शेवटी कारखान्याच्या फाटकातून आत शिरणाऱ्या बायका. चांगली चार मिनिटं. निर्माता तर म्हणाला होता, एवढ्यावरच लोक खिळून बसतील.

बोनिफेसने पान वाचलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"कुठली बाई, चेट्टा?" थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला चेट्टा म्हणायची.

"जिचा हा सिनेमा आहे ती."

"भार्गवी. ती पुढच्या प्रसंगात येते. मुकादमाशी बोलते ना, त्यात सगळं कळतं. नवरा गेलाय, मुलगी शाळेत आहे, पंधरा वर्षं काजू फोडतेय..."

"म्हणजे तोवर कॅमेऱ्याने हवा खायची, आणि मग तोंडाने सगळं सांगून मोकळं व्हायचं." बोनिफेसने पान तिच्याकडे सरकवलं. "मोळे, पोरी, चार मिनिटांत मी पोटभर पाणी बघितलं. कोल्लमला आलो एवढं कळलं. पण कुणाकडे आलो? पाहुण्याला गावभर हिंडवलंस आणि घराचं दार काही दाखवलं नाहीस."

प्रसीताला राग आला. पहिलाच सिनेमा, सहा वर्षांची खटपट, आणि ज्याला आपण हट्टाने बोलावून घेतलं तोच पहिल्या पानाला नाक मुरडतोय. निर्मात्याला बोनिफेस नकोच होता. माणूस चौसष्ट वर्षांचा, एकतीस सिनेमांचा छायालेखक, पण गेली नऊ वर्षं त्याला कुणी कामाला बोलावलं नव्हतं. फिल्म सोसायटीच्या शिबिरात तो पोरांना कॅमेरा कसा धरायचा ते शिकवायचा, तिथे एकोणीस वर्षांची असताना प्रसीता त्याच्याकडे शिकली होती. कोल्लमचा माणूस आहे, कारखान्याचा वास त्याला नवा नाही, असं सांगून तिने त्याचं नाव लावून धरलं होतं.

"मग काय करू? पटकथा फाडून टाकू?" ती म्हणाली.

"फाडायची कशाला? तुझ्या आईकडे घेऊन चल मला. भार्गवी म्हणजे तुझी आईच ना?"

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण बोनिफेसला नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

विलासिनी तेव्हा नुकतीच कामावरून आली होती. अंगणातल्या नळावर तिने हात राखेने घासले, मग साबणाने, मग पुन्हा राखेने, आणि पदराला पुसत ती आत गेली. पाहुणे आलेत म्हटल्यावर तिने कप्प्याचे, म्हणजे टॅपिओकाचे कंद उकडायला ठेवले, सकाळचं माशाचं कालवण गरम केलं आणि काळा चहा पुढे आणून ठेवला. पेला ठेवला आणि हात लगेच पदराखाली गेले. बोनिफेसने ते पाहिलं. जेवता जेवता त्याने भिंतीवरच्या फोटोंची चौकशी केली. मग विलासिनीने कपाटातून जुना आल्बम काढून दिला.

तो पानं उलटत राहिला. शेजारी बसलेल्या प्रसीताला आधी कळेना, हा एवढं काय निरखून बघतोय. त्याने एका पानावर बोट ठेवलं.

"इथपर्यंत हात आहेत," तो म्हणाला. "बघ, हे बारसं, हा ओणम, ही देवळाबाहेर. इथून पुढे एकाही फोटोत हात नाहीत. पदराखाली, पिशवीमागे, तुझ्या पाठीमागे. मध्ये काय झालं?"

विलासिनी दारात उभी होती. तीच बोलली. "काय होणार, सार? पदर घ्यायची सवय लागली. वय झालं की लागते."

बोनिफेसने मान डोलावली आणि आल्बम मिटला.

मध्ये काय झालं ते प्रसीताला पक्कं ठाऊक होतं. ती सातवीत होती. शाळेत बक्षीस समारंभ होता आणि तिला निबंधाचं पहिलं बक्षीस होतं. विलासिनी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली, पहिल्या रांगेत बसली आणि लेकीचं नाव पुकारल्यावर तिने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. बोटं पार नखांपर्यंत काळी, काजूच्या टरफलातल्या चिकाने भाजलेली, जागोजाग सालं निघालेली. मागून एका मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या आईला काही रोग आहे का गं?" त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रसीता म्हणाली होती, "अम्मे, पुढच्या वेळी येशील तेव्हा हात झाकून ये."

"बरं," एवढंच विलासिनी म्हणाली होती. त्यानंतर कधी विषय निघाला नाही.

घराबाहेर पडल्यावर प्रसीता रस्त्यातच थांबली. पहिलं पान लिहिताना ड्रोन कुठून सुचला, ते तिला आत्ता कळलं. इतक्या उंचावरून कुणाचे हात दिसत नाहीत.

चित्रीकरणासाठी त्यांना बंद पडलेल्या एका कारखान्याची शेड मिळाली होती. बाया मात्र खऱ्या होत्या, दुसऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या, सगळ्या विलासिनीच्या ओळखीच्या. भार्गवीचं काम करणारी अभिरामी एर्नाकुलमहून आली होती. नाटकातली नटी, मेहनती पोरगी. पण काजू तिने आजवर फक्त पायसमच्या खिरीतच पाहिलेला. तिला शिकवायला विलासिनीला बोलवावं लागलं. ती आली, पण एका अटीवर. "शिकवीन. माझा फोटोबिटो काढायचा नाही."

पहिल्या दिवशी अभिरामीच्या बोटांना रंगवाल्याने काळा रंग फासला. विलासिनीने तो बघितला आणि ती इतकी हसली की शेजारी काजू फोडणाऱ्या थंगमलाही हसू आवरेना.

"हे काय गं? मशेरी लावलीस का बोटांना?"

"चेची, माझ्या ताई, हसू नका ना. दाखवा, कसं करायचं."

"हे दांडकं. बी अशी उभी धरायची. मारायचं ते बीच्या शिवणीवर, मधे नाही. ऐक." टक्. टरफलाची दोन शकलं झाली आणि आतला गर अख्खा निघाला. टक्. दुसरा. विलासिनी बीकडे बघतही नव्हती. अभिरामीने मारलं तर गराचे चार तुकडे झाले, एक उडून थंगमच्या मांडीवर पडला.

"वा! मुकादम तुला आजच घरी पाठवील," थंगम म्हणाली. "नारळ फोडतेस की काजू?"

दुसऱ्या दिवशी अभिरामीने रंगवाल्याला परत पाठवलं. रंग नको, खरा चीक लागू दे म्हणाली. विलासिनीने तिला बोटांना आधी एरंडेल आणि वर राख लावायला शिकवलं. "बहिणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," अभिरामी म्हणाली. "आई म्हणेल, मेंदी उलटी चढली." तासभर ती फोडत राहिली, घामाघूम झाली. कपाळावरून डोळ्यात घाम उतरला तसा तिने हात उचलला. त्याबरोबर विलासिनीने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"बोटं नाही! तोंडाची साल निघेल. असं." आणि तिने आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं, बटा मागे सारल्या. बोटं हवेत, फुलपाखराच्या पंखांसारखी अंगापासून दूर.

"चेची, पुन्हा करा," बोनिफेस कोपऱ्यातून म्हणाला. कॅमेरा त्याच्या हातात नव्हताच. तो रोज नुसता स्टुलावर बसून बघायचा.

प्रसीता मात्र जागच्या जागी उभी राहिली होती. हे मनगट तिच्या ओळखीचं होतं. लहानपणापासून आईने तिच्या गालावरून कधी तळवा फिरवला नव्हता. ताप बघायची ती मनगटाने. शाबासकी द्यायची मनगटाने. मैत्रिणींच्या आया लेकींची हनुवटी दोन्ही हातांत धरायच्या, आणि प्रसीता मनात म्हणायची, आमची आई जरा कोरडीच.

दुपारच्या जेवणाला ती आईशेजारी जाऊन बसली. "अम्मे, तू मला मनगटाने कुरवाळायचीस ते... या चिकामुळे?"

"मग? कशामुळे वाटलं तुला?" विलासिनी डबा उघडत म्हणाली. "तू चार महिन्यांची असताना एकदा विसरून बोट लावलं गालाला. तीन दिवस रडत होतीस. तेव्हापासून आपली सवयच करून घेतली."

प्रसीताने आपल्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं. मग म्हणाली, "सातवीत मी तुला म्हटलं होतं, हात झाकून ये म्हणून."

"हं."

"तुला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

"माझं चुकलं, अम्मे."

विलासिनीने डब्यातला भात बोटांनी कालवला. "तेव्हा तू लहान होतीस. लहान पोरं बोलतात. त्याचं मला काही नाही." ती थांबली. "पण मोठी झालीस, कॉलेजात गेलीस, सिनेमे लिहायला लागलीस. कधी म्हणाली नाहीस, की अम्मे, आता काढ बाहेर."

प्रसीताला रडू आलं. विलासिनी जेवत राहिली आणि मग आपल्या डब्यातला माशाचा मोठा तुकडा उचलून तिने लेकीच्या डब्यात टाकला. "खा. संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय तुला."

त्या संध्याकाळी प्रसीताने पहिलं पान नव्याने लिहायला घेतलं, बोनिफेसशेजारी, शेडच्या पायरीवर. बायकांची रांग बसलेली. कॅमेरा जमिनीलगत, रुळांवरून हळू सरकणारा. चेहरा एकही नाही. नुसते हात, एकापाठोपाठ एक. एका बाईच्या बोटाला चिंधी बांधलेली, एकीच्या मनगटावर देवळातला लाल दोरा, एक म्हातारे हात संथ आणि अचूक, एक घाईचे. दांडक्यांचा टकटकाट. अशा सहा जणी. सातवीपाशी कॅमेरा थांबतो. तिचे हात नवखे नाहीत, पण आज चुकताहेत. मग ती मनगट वर नेते, आणि मनगटाबरोबर कॅमेराही वर चढतो, पहिल्यांदा चेहऱ्यापर्यंत.

"ती रांगेतली एक आहे, हे आधी कळेल," प्रसीता म्हणाली. "आणि मग ती कोण, ते."

"सरोवर?" बोनिफेसने खोडसाळपणे विचारलं.

"चेट्टा, पुरे आता."

"नाही, मी आपलं विचारलं. ड्रोनवाला फार आशेने बसलाय."

शेडच्या छपरात ठिकठिकाणी काचेची कौलं होती. दहाच्या सुमारास त्यांतून उतरलेला उजेड बरोबर बायकांच्या हातांवर पडायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत भिंतीवर सरकायचा. बोनिफेस म्हणाला, दिवे लावायचे नाहीत, हाच उजेड घ्यायचा. म्हणजे दिवसाला जेमतेम तीन-चार वेळा चित्रीकरण करता येणार.

पहिल्या सकाळी तयारी चालू असताना विलासिनी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. "सार, यातून दिसतं तरी काय?"

बोनिफेस उठला आणि त्याने तिला आपल्या जागी बसवलं. पडद्यावर थंगमचे हात होते. थंगम तिकडे शेजारणीशी बडबडत होती, हात आपले चालू होते. वरून उजेड पडला होता, राखेचे बारीक कण त्यात तरंगत होते.

विलासिनी वाकून बघत राहिली. "हे थंगमचे हात?"

"हो."

"असे दिसतात?"

"कसे?"

"मी वीस वर्षं तिच्या शेजारी बसते," ती शेवटी म्हणाली. मग तिचा सूर एकदम बदलला. "पण सार, रांग चुकलीय तुमची. म्हातारी कधी दाराजवळ बसत नाही, वारा लागतो. तिला आत घ्या. आणि टोपल्या सगळ्यांच्या उजवीकडे कशा? अमिनाचेची डावखुरी आहे. आणि ही दाराजवळची पहिली जागा रिकामी ठेवलीत. जिचा हात सगळ्यांत भरभर चालतो ती पहिल्या जागेवर बसते. मागच्या सगळ्या तिच्या तालावर फोडतात."

"मग कोणाला बसवू?" प्रसीताने विचारलं.

थंगम रांगेतून ओरडली, "ही काय विचारायची गोष्ट आहे? विलासिनीचेचीला! आमच्याकडे दुसरं कोण बसतं तिथे?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. विलासिनीचे हात पदराखाली होते. प्रसीता तिच्यापाशी गेली. सांगायचं खूप होतं. "अम्मे, आता काढ बाहेर," एवढंच ती म्हणाली.

"इतक्या वर्षांनी सुचलं," विलासिनी म्हणाली. तिने पदर खोचला, बोटांना एरंडेल चोळलं, राख लावली आणि पहिल्या जागेवर जाऊन बसली.

पहिल्या दिवशी ऐन वेळी ढग आले. दुसऱ्या दिवशी एकदा रुळाची चाकं कुरकुरली, एकदा थंगमला हसू फुटलं आणि एकदा सगळं नीट झालं, तर कॅमेरा वर जायच्या आतच अभिरामीने मनगट खाली घेतलं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. तिची बोटं आता खरोखर काळी झाली होती, अंगठ्याला फोड आला होता. निर्मात्याचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, दोन भागात घ्या, जोडता येईल नंतर. बोनिफेसने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. विलासिनीने ताल धरला. टक्, टक्, टक्. मागच्यांनी तो उचलला. कॅमेरा तिच्या हातांवर सुरू झाला आणि हळूहळू पुढे निघाला. चिंधी, लाल दोरा, म्हातारीची संथ बोटं. विलासिनीचं काम तिथे संपलं होतं. पण कुणाचं लक्ष नसताना ती जागेवरून उठली, पाण्याचं भांडं घेऊन रांगेच्या मागून चालत आली आणि अभिरामीच्या शेजारी टेकली. कॅमेरा सातवीपाशी पोचला तेव्हा अभिरामीच्या टोपलीत तीन तुटलेले गर पडलेले होते. तेवढ्यात चौकटीत बाजूने एक हात आला. काळा, सुरकुतलेला, घाई नसलेला. त्या हाताने तिन्ही तुकडे उचलले, आपल्या मुठीत घेतले आणि तिथे तीन अख्खे गर ठेवले. आणि हात निघून गेला.

हे कुणी लिहिलेलं नव्हतं. प्रसीताने बोनिफेसकडे पाहिलं. तो थांबला नव्हता. अभिरामी क्षणभर त्या अख्ख्या गरांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, ते काही नाटकातलं रडणं नव्हतं. मनगट वर गेलं. कॅमेरा त्याच्याबरोबर वर गेला आणि तिचा चेहरा दिसला. ती हसत होती.

मग प्रसीता म्हणाली, "कट."

"अगं, मधे आले का मी?" विलासिनी गोंधळून म्हणाली. "माझं झालं असं वाटलं मला. पोरीचे तुकडे दिसले. मुकादम ओरडला असता तिला."

"कुठला मुकादम, अम्मे? मुकादमाचं काम करणारा तर गाडीत झोपलाय!"

"पण ती हेच करते," थंगम डोळे पुसत म्हणाली. "पहिला महिना माझ्याही टोपलीत ठेवायची. अमिनाच्याही. तिच्या हाताखालची एकही पोरगी मुकादमाने कधी कामावरून घरी पाठवली नाही."

हे प्रसीताला ठाऊक नव्हतं. आईवर सिनेमा लिहिला, सहा वर्षं लिहिला, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं कधी. बोनिफेसने कॅमेऱ्यावर हात ठेवून सांगितलं, "पुन्हा घ्यायचं नाही. हेच."

सिनेमा पुरा व्हायला आणखी सात महिने गेले. शहरातल्या एका महोत्सवात तो निवडला गेला, तिथे लोकांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात दोन परिच्छेद आले. कोळिक्कोडच्या एका तरुणाने बोनिफेसला फोन करून आपली पटकथा वाचायला पाठवली, आणि बोनिफेसने नवा चष्मा करून घेतला. पण प्रसीताच्या मनात खरी परीक्षा दुसरीच होती. तिने गावच्या वाचनालयाचा हॉल मागून घेतला आणि एका रविवारी दुपारी तीनला तिथे सिनेमा लावला.

बायका नटून आल्या होत्या, केसांत मोगरा माळून. खुर्च्या पुरेनात, काही जणी चटयांवर बसल्या. विलासिनी नको नको म्हणत असताना तिला मधोमध बसवलं होतं. खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि पडद्यावर हात दिसले.

सुरुवातीला नुसती टकटक ऐकू येत होती. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "विलासिनीचे आहेत गं." कॅमेरा पुढे सरकला. "माझी चिंधी! बघ, बघ, माझी चिंधी!" "हा तर माझा देवळातला दोरा, बघितलास?" पडद्यावर चेहरा एकही नव्हता, तरी एकेक जण आपापले हात ओळखत होती, शेजारणीला कोपर मारून सांगत होती. म्हातारीला दिसत कमी होतं. ती विचारत राहिली, "मी आले का? मी आले का?" आणि चार जणी एकदम ओरडल्या, "आलीस, आलीस, आत्ताच गेलीस!"

मग तो बाजूने येणारा हात आला. तीन तुकडे उचलले गेले, तीन अख्खे गर ठेवले गेले, आणि हॉल एकदम शांत झाला. विलासिनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे एकदा आणि पडद्याकडे एकदा बघत होती. शेजारी बसलेल्या एका तरण्या कामगारणीने, जी तिला कधी भेटलेलीही नव्हती, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले तेव्हा साडेपाच झाले होते. दाराबाहेर घोळका उभा होता, रविवारची जादा पाळी सुटून आलेल्या तीस-चाळीस जणी, काहींच्या हाताला अजून राख तशीच. त्यांना वेळेत पोचता आलं नव्हतं. वाचनालयाचा माणूस किल्ल्या घेऊन घुटमळत होता.

"पुन्हा लावायचा," थंगमने त्याला परस्पर सांगून टाकलं. "आणि चहा ठेव सगळ्यांना. आत या गं, दाटीवाटीने बसा."

प्रसीताने बोनिफेसकडे पाहिलं. त्याने खुर्ची सोडून भिंतीशी जागा धरली होती. विलासिनी उठून दाराशी गेली आणि नव्या आलेल्या बायांना आत घेत, कुठे बसायचं ते सांगत सुटली. म्हातारीला वारा लागणार नाही अशा ठिकाणी, उंच बायांना मागे, लेकुरवाळ्यांना कडेला.

सगळ्या बसल्यावर तिने एकदा हॉलभर नजर फिरवली आणि लेकीला म्हणाली, "हं. लाव आता."